गिनीपिग, गादी आणि दमा



या वेळी सुरुवात एका पत्रानं. सातवीतल्या एका मैत्रिणीनं विचारलंय, 'बाई, आमच्या शाम्पूच्या बाटलीवर सशाचं चित्र आहे. खाली लिहिलंय, प्राण्यांवर चाचणी केलेली नाही. वाचून बरं वाटलं. पण कारखान्यांत जी बाकीची रसायनं तयार होतात, त्यांची चाचणी कुणावर करतात? की करतच नाहीत?'

पत्र एवढंसं, पण प्रश्न केवढा! त्यातलं 'की करतच नाहीत' हे तर मला फारच आवडलं. सगळ्या रसायनांबद्दल सांगायला बसले तर हा अंकच काय, दिवाळी अंकसुद्धा पुरायचा नाही. म्हणून मी एक रसायन घेते, एक प्राणी घेते आणि एक आजार घेते. रसायन आपल्या गादीतल्या फोमचं. प्राणी गिनीपिग. आणि आजार दमा.

पण आधी जरा स्वयंपाकघरात चला.

कढईत तेल तापलंय. लाल मिरची पडली आणि चर्र! घरभर ठसका. आजी खोकतात, ताई खोकते, शेजारच्या काकू खिडकीतून ओरडतात, "अहो, पंखा तरी लावा!" मिरचीचा धूर सगळ्यांनाच झोंबतो, पहिल्याच वेळी झोंबतो, आणि खिडक्या उघडल्या की पाच मिनिटांत आपण विसरूनही जातो. हा झाला खोकल्याचा एक प्रकार.

दुसरा प्रकार फार लबाड असतो. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. आठवडाभर नाही, महिनाभर नाही, कधीकधी दोन-दोन वर्षं नाही. तीच हवा दहा माणसं घेत असतात आणि नऊ जण ठणठणीत असतात. दहाव्याच्या शरीरात मात्र गुपचूप काहीतरी शिजत असतं. मग एके दिवशी, रोजच्याच जागी, रोजचंच काम करताना, त्याची छाती आवळल्यासारखी होते. श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजते. आणि त्यानंतर त्या वस्तूचा अगदी किंचित अंश हवेत असला तरी त्याला त्रास होतो. बाकीच्यांना वाटतं, हा सोंग करतोय! ही झाली अ‍ॅलर्जी.

हा दुसरा प्रकार शास्त्रज्ञांना उमगला तो एका कुत्र्यामुळे. त्याचं नाव नेपच्यून. मोनाको नावाचा एक चिमुकला देश आहे. तिथले राजे पहिले आल्बेर यांना समुद्राचं भारी वेड. 1901 साली त्यांच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ गेले होते. समुद्रात फुग्यासारखा तरंगणारा आणि जबरदस्त डंख मारणारा एक जीव असतो, त्याच्या विषाचा अभ्यास करायला. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष घेऊन काम पुढे चालू ठेवलं. त्यांची कल्पना साधी होती. कुत्र्याला विषाची थोडीशी मात्रा द्यायची, म्हणजे त्याला सवय होईल आणि पुढे मोठी मात्राही बाधणार नाही. लसीसारखंच की!

नेपच्यूनला पहिली मात्रा दिली, त्याला फारसं काही झालं नाही. तीन आठवडे उलटून गेल्यावर पुन्हा तशीच थोडीशी मात्रा दिली. काही क्षणांतच तो धापा टाकायला लागला, खाली कोसळला आणि पंचवीस मिनिटांत मेला. रिशे चक्रावून गेले. पहिल्या मात्रेनं संरक्षण मिळायच्या ऐवजी शरीर उलट जास्त हळवं झालं होतं. 1902 साली त्यांनी हे जाहीर केलं आणि 1913 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द मात्र त्यांचा नाही. तो 1906 साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरांनी तयार केला.

नेपच्यूनच्या गोष्टीत एक महत्त्वाची गोष्ट लपलेली आहे, ती पकडून ठेवा. विष ओळखायला एक दिवस पुरतो. अ‍ॅलर्जी ओळखायला दोन दिवस लागतात आणि मध्ये मोठी सुट्टी लागते. माझ्या भाषेत सांगायचं तर, आधी शरीराला धडा द्यायचा, मग तीन आठवडे थांबायचं, आणि मग परीक्षा घ्यायची. नुसती परीक्षा घेतली तर काहीच कळणार नाही, कारण शरीरानं धडा वाचलेलाच नसतो.

आता आपलं रसायन. त्याचं नाव टोल्युइन डायआयसोसायनेट. एका दमात म्हणून दाखवा बरं! कारखान्यात त्याला नुसतं टीडीआय म्हणतात, आपणही तेच म्हणू. ढोकळ्याच्या पिठात सोडा घातला की ते कसं भराभर फुगतं, पाहिलंय ना? फोमही तसाच होतो. टीडीआय हा एक द्रव. तो दुसऱ्या एका द्रवात, थोड्या पाण्यासकट मिसळला की कार्बन डायऑक्साइडचे असंख्य बुडबुडे सुटतात. मिश्रण फुगून वर येतं आणि तसंच घट्ट होतं. बुडबुड्यांच्या जागी भोकं राहतात, म्हणून फोम दाबला की दबतो. या जातीचं प्लास्टिक 1937 साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. गाद्या, सोफे, गाड्यांच्या सीटा, बुटांचे तळवे, फ्रिजच्या भिंतींतलं अस्तर या सगळ्यांत टीडीआय किंवा त्याची भावंडं वापरलेली असतात. गाड्यांच्या चकचकीत रंगातसुद्धा.

लगेच गादीवरून उडी मारू नका! तयार फोममधला टीडीआय दुसऱ्या द्रवाशी जोडला जाऊन संपलेला असतो. प्रश्न गादीवर झोपणाऱ्याचा नाही, गादी बनवणाऱ्याचा आहे.

'आयसोसायनेट' हा शब्द ऐकून तुमच्या आईबाबांच्या कपाळाला आठी पडली असेल. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये जो वायू सुटला, तो मिथाइल आयसोसायनेट. नातलग आहेत खरे, पण त्या रात्री जे झालं ती अ‍ॅलर्जी नव्हती. ते थेट विष होतं, ज्यानं श्वासात घेतलं त्या प्रत्येकाला बाधणारं. आपण बोलतोय ते याच घराण्यातल्या शांतपणे, वर्षानुवर्षं काम करणाऱ्या त्रासाबद्दल.

फ्रान्समधल्या डॉक्टरांनी 1951 साली पहिल्यांदा लिहून ठेवलं की, टीडीआय हाताळणाऱ्या काही कामगारांना दम्यासारखा त्रास होतोय. पुढे इतर देशांतूनही तसंच कळायला लागलं. वेगवेगळ्या पाहण्यांत असं दिसलं की, या रसायनांजवळ काम करणाऱ्या शंभर जणांपैकी साधारण पाच ते दहा जणांना दमा होऊ शकतो. मग नव्वद जणांना का होत नाही? आणि हवेत किती टीडीआय असला तर चालेल? हे माणसांवर प्रयोग करून कसं शोधणार? 'जरा या खोलीत बसा, तुम्हाला जन्मभराचा दमा होतो का ते पाहू' असं कुणाला म्हणायचं?

इथे आला गिनीपिग.

गिनीपिग हा पिगही नाही आणि गिनी देशाचाही नाही. हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला उंदराच्या दूरच्या नात्यातला प्राणी. तिथले लोक हजारो वर्षांपासून त्याला पाळतात आणि खातातही. किलोभर वजन, शेपूट जवळजवळ नाहीच. पिल्लं जन्मतात तीच अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन. भूक लागली की मोठ्यानं शिट्ट्या मारतात. आपल्यासारखंच त्यालाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. 1907 साली नॉर्वेच्या दोन शास्त्रज्ञांनी स्कर्व्ही हा आजार गिनीपिगमध्ये घडवून दाखवला तो त्यामुळेच. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या श्वासनलिकांभोवतीचे स्नायू चांगलेच दणकट असतात. अ‍ॅलर्जी झाली की कुणाच्या त्वचेवर गांधी येतात, कुणाचं पोट बिघडतं. गिनीपिगचा सगळा राग निघतो तो फुप्फुसांतून. श्वासनलिका आवळतात. म्हणजे दमा पाहायचा असेल तर तो इथे स्पष्ट दिसतो.

अमेरिकेत पिट्सबर्ग नावाचं एक शहर आहे, पूर्वी पोलादासाठी प्रसिद्ध असलेलं. तिथल्या विद्यापीठात 1978 च्या सुमाराला मेरिल कॅरोल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी आणि इव्ह अलारी या त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम हाती घेतलं. पारदर्शक पेटीत गिनीपिग बसवायचा. पेटीतल्या हवेत टीडीआयची वाफ सोडायची, पण किती, ते काटेकोर मोजून. रोज तीन तास, असे सलग पाच दिवस. हा झाला धडा. मग सुट्टी. साधारण तीन आठवड्यांनी परीक्षा. प्राणी पुन्हा पेटीत. तो श्वास घेतो-सोडतो तसा पेटीतल्या हवेचा दाब किंचित कमीजास्त होतो. त्या दाबावरून यंत्र श्वासांचा आलेख काढतं. श्वासाची गती एकदम वाढली किंवा बिघडली की आलेखावर दिसतंच. त्याशिवाय रक्त तपासून त्यात टीडीआयविरुद्धच्या अँटिबॉडीज तयार झाल्यात का तेही पाहायचं. आणि हो, काही गिनीपिग नुसत्या स्वच्छ हवेत बसवायचे. का? ते असल्याशिवाय फरक कशाशी तपासणार!

अँटिबॉडी म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांनी एकेका शत्रूसाठी घडवलेलं खास हत्यार. पण इथे एक गंमत आहे. टीडीआयचा रेणू इतका लहान की पहारेकऱ्यांना तो एरवी दिसतच नाही. मग त्याच्याविरुद्ध हत्यार कसं तयार होतं? पावसाळा संपल्यावर माळावरून चालत घरी आलात की कपड्यांना कुसळं चिकटलेली असतात ना? टीडीआय तसाच शरीरातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो. प्रथिन आपलंच, पण अंगावर कुसळं! पहारेकऱ्याला वाटतं, हा कोण परका आला? आणि तो शिट्टी फुंकतो. लहान रेणू असे चिकटून अ‍ॅलर्जी घडवतात, हे न्यूयॉर्कमध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी 1930 च्या दशकात दाखवलं. तेही गिनीपिगच्याच त्वचेवर. रक्तगट शोधणारे लँडस्टायनर ते हेच.

पिट्सबर्गच्या पेट्यांमधून दोन गोष्टी कळल्या. पहिली, 1983 साली छापून आलेली. हवेतलं प्रमाण जितकं जास्त, तितक्या जास्त गिनीपिगमध्ये अँटिबॉडी. आणि एका विशिष्ट प्रमाणाच्या खाली त्या तयारच झाल्या नाहीत. म्हणजे 'अ‍ॅलर्जी काय, कशानंही होते' असं म्हणून हात झटकता येणार नाहीत. कारखान्यातली हवा पुरेशी स्वच्छ ठेवली तर धडाच दिला जात नाही! पुरेशी म्हणजे किती? अमेरिकेच्या कायद्यात टीडीआयची कमाल मर्यादा दहा लाख भाग हवेत 0.02 भाग अशी आहे. म्हणजे पाच कोटी भागांत एक. पाच कोटी ज्वारीच्या दाण्यांत एक काळा दाणा. पुढे अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी हेसुद्धा जास्त आहे असं सांगितलं. आणि आपल्या नाकाला टीडीआयचा वास येतो तोवर ही मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. 'वास येत नाही, म्हणजे हवा चांगली' हा हिशेब इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 1981 साली कॅरोलबाईंनी दाखवलं की, गिनीपिगच्या नुसत्या त्वचेवर टीडीआय लावला, श्वासातून अजिबात दिला नाही, तरी पुढे श्वासाच्या परीक्षेत त्याची फुप्फुसं चिडतात. धडा त्वचेनं वाचला आणि उत्तरं लिहिली फुप्फुसांनी! तोवर सगळ्यांचं लक्ष हवेकडे होतं. हातावर सांडलं तर? पुसून टाकलं की झालं, असं वाटायचं. आता कळलं की, हातमोजे हे फुप्फुसांसाठीही घालायचे असतात.

आता जरा अवघड भाग. पानं उलटू नका.

त्या गिनीपिगना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना त्रास झाला. अशा प्रयोगांच्या शेवटी प्राणी बहुतेक वेळा मारले जातात आणि त्यांची फुप्फुसं तपासली जातात. वर्गात हे सांगितलं तेव्हा एक मुलगा पटकन म्हणाला, "मग आपण करायचंच नाही. बास!" दुसरी म्हणाली, "पण मग माणसांना दमा होईल." मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी भांडण चाललंच होतं. मी मुद्दाम मध्ये पडले नाही.

माझं मत तुम्हाला सांगते, तुम्ही तेच धरलं पाहिजे असं नाही. प्राण्यांवर चाचणी नाही म्हणजे चाचणीच नाही, असं होत नसतं. रसायन बाजारात येतंच. मग ते पहिल्यांदा कुणाच्या फुप्फुसात जातं? सर्वांत आधी जो पिंप उघडतो त्याच्या. श्वसनाची अ‍ॅलर्जी घडवणारी म्हणून आज जी रसायनं माहीत आहेत, त्यांतल्या बहुतेकांची नावं प्रयोगशाळेतून आलेली नाहीत. आधी कामगार आजारी पडले, डॉक्टरांनी ते टिपून ठेवलं, आणि मग नाव यादीत गेलं. टीडीआयचंही असंच झालं. माणसं 1951 मध्ये, गिनीपिग त्यानंतर सत्तावीस वर्षांनी. पत्रातल्या 'की करतच नाहीत?' याचं अर्धं उत्तर हे आहे.

हे काही फार लांबचं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे बाबा गॅरेजमध्ये गाड्यांना स्प्रेनं रंग मारतात. एकदा पालकसभेला आले तर जिना चढून आल्यावर दोन मिनिटं बोलताच येईना. विचारलं, तर म्हणाले, "काही नाही बाई, धूळ. रविवारी एकदम बरा असतो मी. सोमवारी पुन्हा सुरू होतं." मी काही डॉक्टर नाही. पण हे 'रविवारी बरा' ऐकून मी त्यांना म्हटलं की, डॉक्टरांना नुसता खोकला सांगू नका, हे वारांचं गणितही सांगा आणि हार्डनरचा डबा सोबत घेऊन जा. गाडीच्या रंगात मिसळायचा तो हार्डनर, त्यात बहुधा टीडीआयचीच भावंडं असतात. डब्यावर बारीक अक्षरात 'आयसोसायनेट' लिहिलेलं असतं. डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच केला म्हणे, 'सुट्टीत बरं वाटतं का?' आता ते त्याच गॅरेजमध्ये पत्र्याचं काम करतात, रंगाच्या बाजूला जात नाहीत. लवकर लक्षात आलं हे बरं झालं. कारण अशा दम्यात जितका उशीर होतो, तितका काम सोडल्यावरही तो मागे राहण्याचा संभव वाढतो. आईबाबांनो, तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क ही वाफ अडवत नाही. रंगाच्या फवाऱ्यात काम करणाऱ्याला बाहेरची स्वच्छ हवा नळीतून पुरवणारा मुखवटाच लागतो. युरोपात 24 ऑगस्ट 2023 पासून, ही रसायनं हाताळणाऱ्याला आधी प्रशिक्षण दिल्याशिवाय कामाला लावता येत नाही.

पुन्हा गिनीपिगकडे. पिट्सबर्गला एवढं कळलं, तर मग प्रत्येक नवं रसायन त्या पेटीत का नाही तपासत? एक तर खर्च आणि वेळ. पण खरी अडचण अशी की, गिनीपिग म्हणजे माणूस नव्हे. माणसाला धुळीची किंवा परागकणांची अ‍ॅलर्जी होते तेव्हा आयजीई नावाची अँटिबॉडी पुढे असते. गिनीपिगमध्ये हे काम मुख्यतः दुसऱ्याच जातीची अँटिबॉडी करते. बरं, टीडीआयचा दमा झालेल्या सगळ्या माणसांच्या रक्तात तरी आयजीई सापडते का? नाही, थोड्यांच्याच सापडते. बाकीच्यांचा दमा नेमका कसा होतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. प्रश्नपत्रिकाच पुरती कळलेली नसताना उत्तरं तपासायची, असं हे काम.

इंग्लंडमध्ये इयन किंबर आणि रिबेका डिअरमन यांनी 1990 च्या सुमाराला उंदरांवर दुसरी युक्ती करून पाहिली. उंदराला पेटीत बसवून दमा घडवायचाच नाही. त्याच्या कातडीवर रसायन लावायचं आणि रक्तात आयजीई वाढते का ते पाहायचं. प्लास्टिकच्या उद्योगातलं ट्रायमेलिटिक अनहायड्राइड, ज्यानं कामगारांना दमा होतो, ते लावलं तर आयजीई वाढली. ज्यानं फक्त त्वचेची अ‍ॅलर्जी होते असं दुसरं रसायन लावलं तर वाढली नाही. वा! सगळ्यांना वाटलं, जमलं. पण वेगवेगळ्या प्रयोगशाळांत करून पाहिलं तर उत्तरं सारखी येईनात. गणिताचं उत्तर बाकावर बाकावर बदलायला लागलं, तर त्या पद्धतीवर कोण विश्वास ठेवणार? ती चाचणी अधिकृत झाली नाही. त्वचेच्या अ‍ॅलर्जीसाठी जगभर मान्य झालेल्या चाचण्या आहेत. फुप्फुसाच्या अ‍ॅलर्जीसाठी अशी एकही नाही, प्राण्यांवरची नाही आणि प्राण्यांशिवायचीही नाही. पत्रातल्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे.

मैत्रिणीच्या शाम्पूबद्दल थोडंसं. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला भारतात 2014 पासून बंदी आहे. शाम्पू, साबण, पावडर त्यात आले. कारखान्यातली बाकीची रसायनं त्या बंदीत येत नाहीत. त्यांच्यासाठी आपल्याकडे 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे. प्रयोगात प्राण्याला विनाकारण त्रास होऊ नये, हे पाहायला त्या कायद्यानं समिती ठेवलेली आहे. आणि शास्त्रज्ञांचा स्वतःचाही एक नियम आहे. 1959 साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोन इंग्रजांनी तो पुस्तकात मांडला. प्राण्याशिवाय काम होत असेल तर तसं करा. होत नसेल तर कमीत कमी प्राणी घ्या. आणि घेतलेल्यांना कमीत कमी त्रास द्या. वाचायला किती सोपं!

यातला पहिला भाग, म्हणजे प्राण्याशिवाय काम, त्वचेच्या अ‍ॅलर्जीत बराच पुढे गेलाय. 2015 साली मान्य झालेली एक चाचणी तर चक्क काचेच्या नळीत होते. त्यात ना गिनीपिग ना उंदीर. मघाची कुसळं आठवा. शरीरातलं प्रथिन म्हणजे छोट्या छोट्या मण्यांची माळ. कुसळं सगळ्या मण्यांना सारखी चिकटत नाहीत, काही मण्यांनाच चिकटतात. त्यांतले दोन मुख्य, सिस्टीन आणि लायसीन. म्हणून हे मणी असलेल्या अगदी छोट्या माळा घ्यायच्या, रसायनाबरोबर एक दिवस ठेवायच्या, आणि किती माळा मोकळ्या राहिल्या ते मोजायचं. जितक्या कमी उरल्या, तितकं रसायन चिकट, तितका अ‍ॅलर्जीचा संशय जास्त.

आणि या नळीतून एक वेगळीच गोष्ट दिसायला लागली. दमा घडवणारी बरीच रसायनं लायसीनच्या मण्याला जास्त पसंत करतात. त्वचेला त्रास देणारी अनेक रसायनं सिस्टीनच्या मागे असतात. हे पक्कं ठरलेलं नाही, अपवाद आहेत. पण त्याच धाग्यावरून काही जण पुढे निघालेत. कुणी माळा मोजतंय, कुणी माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी पातळ पडद्यावर वाढवून त्यांच्यावर वाफ सोडून पाहतंय. त्या पेशींना भूक लागली तरी शिट्टी मारता येत नाही, हे मात्र गिनीपिगपेक्षा बरं!

गिनीपिग पाळायचा असेल तर तो काय खातो, असंही दोघातिघांनी मागे विचारलं होतं. हिरवं गवत, आणि क जीवनसत्त्वासाठी रोज थोडी ढोबळी मिरची. फोडणीची नव्हे, कच्ची.

तुमच्या
बाई